अंगारदचं नाव

१

तटाखालच्या खडकांवर मेलिर भाट मरून पडला होता. धुणं घेऊन नदीकडे निघालेल्या बायकांना आधी त्याचे पांढरे केस दिसले. वरून मेंढरू कोसळलं असेल म्हणून त्या जवळ गेल्या, आणि मग त्यांच्या ओरडण्यानं कॅरहेलिगची सगळी गढी गोळा झाली.

कडोगन धावत पोचला तेव्हा मालकीणबाई हाविस तिथं आधीच उभ्या होत्या. डोकं उघडं, पायांत घरातले मऊ जोडे. नवरा गेल्यापासून गढीचा कारभार त्याच पाहत. बायका ऊर बडवत होत्या आणि हाविसबाई त्यांना मोडक्यातोडक्या वेल्शमध्ये सांगत होत्या, "आपण उचलू. आपण झाकू. आपण गप्प बसू."

हाविसबाईंची वेल्श एवढीच. सपाटीवरच्या फ्रेंच बोलणाऱ्या घरातून त्या इथं सून म्हणून आल्या, तेव्हा मुलांच्या दाईकडून घास भरवण्यापुरती, झोपवण्यापुरती भाषा त्यांनी उचलली होती. जिल्बर आणि ह्यू ही ती दोन मुलं. दोघंही मोठी झाली आणि सरहद्दीच्या बांधावर, पलीकडच्या वेल्श लोकांशी लढताना मारली गेली. त्यानंतर बाईंच्या तोंडून वेल्श शब्द क्वचितच निघे.

"पाय घसरला रे म्हाताऱ्याचा," त्या कडोगनला फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "आंधळा माणूस. एकटा बसू नकोस म्हणून किती वेळा बजावलं होतं."

कडोगन गढीचा दुभाषा. वरचे लोक फ्रेंच बोलत, खालचे आणि बांधापलीकडचे वेल्श. दोघांच्या मधे उभं राहण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मेलिर त्याचा जुना सोबती. आणि आज मेलिरच्याच शब्दावर सगळ्यांचं पुढलं भलंबुरं ठरायचं होतं.

हाविसबाईंची उरलेली एकुलती एक लेक सिबिल, आणि बांधापलीकडच्या ब्लेदिन सरदाराचा मुलगा इथेल, यांचं लग्न ठरलं होतं. त्या लग्नानं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर मिटणार होतं. पण बाईंच्या नवऱ्याचा पुतण्या फुल्क आडवा आला. मुलगा-मुलगी एका रक्ताची आहेत अशी कुणकुण त्याला लागली होती. चार पिढ्यांच्या आत कुणी एक पूर्वज निघाला, तर चर्च लग्न लावू देत नसे. सिबिलचं लग्न मोडलं तर गढी फुल्कच्या हातात जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शहानिशा करायला बिशपनं आपला अधिकारी थियोबाल्ड याला धाडलं होतं. दोन्ही घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ असलेला माणूस मुलखात एकच होता, मेलिर. आज देवळात तो त्या म्हणून दाखवणार होता.

कडोगन तटावर चढला. मेलिर रोज संध्याकाळी जिथं उन्हाला तोंड करून बसे, त्या दगडी ओट्यापाशी गेला. तटाला तिथं कठडा नव्हता. मेलिरची काठी ओट्यामागच्या भिंतीला नीट, उभी टेकवून ठेवलेली होती.

आंधळा माणूस काठी मागं ठेवून कड्याकडे जात नाही. कुणीतरी त्याला हात दिला होता.

२

दुपार व्हायच्या आत फुल्कनं इथेलला पकडून बुरुजाखालच्या कोठडीत टाकलं.

"काल सांजेला हा तटावर चढताना माझ्या माणसांनी पाहिलाय," तो थियोबाल्डपुढं गरजला. "म्हातारा खरं बोलणार, लग्न मोडणार. मग काय करायचं? दे ढकलून! आणखी काय पुरावा हवा?"

"आणि तू कुठं होतास?" सिबिल मागून कडाडली. रडून तिचा चेहरा सुजला होता. "मेलिरआजोबांना मारायचं, इथेलवर ढकलायचं, की लग्नही मोडलं आणि गढीही आली!"

"मी? मी या अधिकारीसाहेबांबरोबर सोंगट्या खेळत होतो. विचार की तुमच्या दुभाष्याला. तोही डावात होता, आणि माझ्याकडून हरत होता."

ते खरं होतं. उजेड असेपर्यंत डाव चालला होता आणि फुल्क जागचा हलला नव्हता.

थियोबाल्ड थकल्या चेहऱ्याचा, सभ्य माणूस होता. त्यानं कडोगनला बाजूला घेतलं. "माझ्याशी इथं कोणी मोकळं बोलणार नाही. तुला दोन्हीकडचं कळतं. उद्या मी न्यायाला बसणार. तोवर दुसरं काही निघालं नाही तर पोरगा फासावर जाईल, आणि मग त्याचा बाप काय करील ते तुला मी सांगायला नको."

पलीकडच्या टेकडीवर शिंग वाजलं. ब्लेदिनला बातमी पोचली होती.

३

हाविसबाई खिडकीत बसल्या होत्या. ओटची भाकरी आणि चीज समोर तसंच पडलं होतं. टेकडीवर माणसं जमताना दिसत होती.

"पोरगा निर्दोष आहे," त्या वळून न बघता म्हणाल्या. "फुल्कला सांग, सोड म्हणावं. म्हातारा पडला. संपलं."

"बाईसाहेब, काठी भिंतीला टेकवलेली होती."

"विसरला असेल. म्हातारी माणसं विसरतात."

"मेलिर काही विसरत नसे. म्हणून तर आज त्याला बोलावलं होतं."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "हो ना! सगळं लक्षात होतं त्याच्या. माझी लेकरं कुठं पडली, कुणाच्या भाल्यानं पडली, सगळं. तरी दया आली नाही मेल्याला! तो पोरगा पाय धरून रडला, आणि हा काय म्हणतो? 'आपण अंगारदचं नाव घेऊ.' कुठल्या काळात मेलेली बाई, तिच्या नावापायी माझ्या पोरीला…"

त्या एकदम थांबल्या.

"अंगारद कोण, बाईसाहेब?" कडोगननं हळूच विचारलं. गढीच्या सॉर्व्हिल घराण्याची वंशावळ तो दर नाताळला मेलिरच्या तोंडून ऐकत आला होता. त्यात हे नाव कधी आलं नव्हतं. त्यात बायकांची नावं नव्हतीच.

"मला काय ठाऊक? बायका बोलत होत्या, ते कानावर आलं. जा तू आता."

तो दाराशी पोचला तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी अगदी हळू, "त्या पोराला काही होता कामा नये, कडोगन. काय वाटेल ते कर."

४

कोठडीत इथेल गवतावर बसला होता. कडोगनला बघताच उठला.

"कडोगनकाका, सिबिल कशी आहे?"

"तुझी चिंता कर आधी. काल वर कशाला गेला होतास?"

"मेलिरआजोबांनीच बोलावलं होतं. म्हणाले, उद्या सगळ्यांदेखत कळण्याआधी तुला एकट्याला कळू दे." त्यानं आवाज खाली आणला. "अंगारद नावाची बाई. आमची खापरपणजी. आधी आमच्या घरात नांदली, मुलगा झाला. मग सॉर्व्हिलांनी तिचा नवरा मारला, तिला उचलून इथं आणली, बायको केली. इथंही मुलगा झाला. त्या मुलाच्या वंशात सिबिल, आणि पहिल्याच्या वंशात मी. चौथी पिढी, काका. अजून एक पिढी मधे असती तर कुणी विचारलं नसतं."

"आणि हे कुणालाच ठाऊक नाही?"

"आमच्यात लाजेनं तिचं नाव टाकलं. इकडं ती वेल्श म्हणून टाकलं. आजोबांनी मात्र जपलं."

"पोपकडून सूट मिळते अशा लग्नांना."

"तोवर किती माणसं मरतील? मी पाया पडलो त्यांच्या. म्हटलं, एवढं एक नाव राहू द्या. मग म्हणाले, 'अंगारदचं नाव मी घेणार नाही.'"

कडोगननं त्याला थांबवलं. "घेणार नाही? नीट आठव."

"आईशपथ. तेच म्हणाले. मी हाताचं चुंबन घेतलं आणि त्यांना खाली न्यायला हात पुढं केला, तर केवढ्यानं खेकसले. म्हणाले, कुणाचा हात धरून चालायला मी अजून म्हातारा झालो नाही, काठी आहे माझी. मग मी एकटाच उतरलो. काका, मला हवं ते मिळालं होतं. मी त्यांना का मारीन?"

"वर आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. मी दोनदा पाहिलं."

कडोगन बाहेर पडला तो सरळ तटावर गेला आणि मेलिरच्या ओट्यावर बसला. उन्हं कलत होती. बाई म्हणतात, म्हातारा नाव घेणार होता. पोरगा म्हणतो, घेणार नव्हता. दोघांतलं एक खोटं बोलतंय. पण बाईंना खोटं बोलायचंच होतं, तर त्या पोराला वाचवणारं बोलल्या असत्या. त्या जे बोलल्या त्यानं तो आणखीच अडकत होता.

आणि ते 'आपण' कुठून आलं? मेलिर उभ्या आयुष्यात स्वतःला 'मी' सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता.

सवयीनं त्यानं बाईंचं फ्रेंच वाक्य मनात वेल्शमध्ये फिरवलं. मग इथेलनं सांगितलेलं वाक्य, मेलिरच्या तोंडचं, तसंच्या तसं मोठ्यानं म्हणून पाहिलं. वाक्याचा पहिला शब्द एवढासा होता. 'नी.'

तोच शब्द त्यानं पुन्हा म्हटला.

वेल्शमध्ये 'नी' म्हणजे 'आपण'. आणि वाक्याच्या तोंडाशी, क्रियापदाआधी आला, की 'नी' म्हणजे 'नाही'.

लहान मुलांशी बोलताना हा दुसरा 'नी' फारसा लागत नाही. तिथं 'नको' असतं, त्याचा शब्द वेगळा. आपण जेवू, आपण निजू, आपण उचलू, आपण झाकू. पाळण्याशी जेवढं शिकली तेवढंच जिला येतं, तिला 'नी' म्हणजे 'आपण'च ऐकू येणार.

दोघंही खरं बोलत होते. वाक्य एकच होतं, आणि दोघांनी ते कानांनी ऐकलं होतं. फुल्कला वेल्शचा एक शब्द कळत नाही. सिबिलला सगळी कळते; तिनं ऐकलं असतं तर ती नाचत खाली गेली असती. अर्धवट कळणारं माणूस या गढीत एकच. आणि कुणाच्याच हाताला न शिवणारा मेलिर काठी बाजूला ठेवून ज्या हाताला धरून उठेल, तो हातही एकच. सणासुदीला याच हाताला धरून तो मानाच्या जागी जाऊन बसे.

मागं बुरुजाच्या अरुंद जिन्यात कपड्यांची सळसळ झाली. कडोगन वळला. जिन्याच्या अंधारात हाविसबाई उभ्या होत्या.

५

"इथंच उभ्या होतात का काल?" त्यानं विचारलं.

जिन्यातून बाहेर येऊन बाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"नवऱ्यानं मरताना मला त्या बाईचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, म्हाताऱ्याशी एकदा बोलावं. वर आले तर पोरगा आधीच रडत होता. मग ते वाक्य ऐकलं. पोरगा गेला, मी पुढं झाले, हात दिला. तो उठला. केवढ्या अदबीनं उठला! मी म्हटलं, आपण नको, मेलिर, आपण नको. मला नीट शब्दसुद्धा येईनात. तुला कशी हाक मारणार होते? ते नाव तिसऱ्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं मला."

"मग?"

"तो हसला. हसून काहीतरी म्हणाला. माझी दोन गेली, तिसरीचं घर बुडतंय, आणि हा हसतो! ढकलला, कडोगन. या हातांनी."

सांगावं की सांगू नये, हे कडोगनला ठरवता येईना. शेवटी बाईंनीच विचारलं, "तू मघाशी काय पुटपुटत होतास? तेच वाक्य होतं ना?"

मग त्यानं सांगितलं. 'नी'चे दोन अर्थ सांगितले, आणि म्हाताऱ्यानं पोराला काय वचन दिलं होतं तेही.

बाईंनी नदीकडे बघत काही आवाज उच्चारले. अर्थ न कळता नुसते कानात राहिलेले, तुटक आवाज. "हे म्हणाला होता तो. हसून. काय अर्थ होतो याचा?"

"बाईसाहेब, जाऊ द्या."

"दुभाषा आहेस ना तू? सांग."

"निश्चिंत झोपा, बाई," कडोगन म्हणाला. "लेक तुमची सुखात राहील."

हाविसबाई हळूहळू पुढं वाकत गेल्या, आणि कडोगननं घाईनं उठून त्यांचे दोन्ही खांदे धरले. कारण पुढं कठडा नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी देवळात थियोबाल्ड बसला तेव्हा मागं मुंगी शिरायला जागा नव्हती. हाविसबाई स्वतः चालत पुढं आल्या आणि उभ्यानंच बोलल्या.

"भाटाला मी मारलं. माझी दोन मुलं वेल्श भाल्यांनी मेली. तो वेल्श होता. परवा त्याला हसताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. दुसरं कारण नाही. पोराला सोडा."

सिबिल किंचाळली. फुल्क मात्र उठून उभा राहिला. "खोटं! जावयाला वाचवतेय. हा पोरगा वर कशाला गेला होता? त्याला विचारा. शपथ घालून विचारा!"

संतांच्या अस्थींची पेटी आणली गेली. इथेलनं तिच्यावर हात ठेवला. थियोबाल्डनं विचारलं, कडोगननं वेल्शमध्ये सांगितलं, आणि तो सरळमार्गी पोरगा, देवाच्या धाकानं पांढराफटक पडलेला, सगळं बोलून गेला. अंगारद कोण, ती कुणाकुणाची खापरपणजी, मेलिरपुढं आपण काय मागणं मागितलं, सगळं.

मागच्या धुणेकरणी, मोतद्दार, स्वयंपाकी, सगळ्यांना वेल्श कळत होती. सिबिलला कळत होती. पुढं बसलेल्या फुल्कला कळत नव्हती, थियोबाल्डला कळत नव्हती. दोघंही कडोगनच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणाला?" थियोबाल्डनं विचारलं.

हाविसबाईंकडे कडोगननं पाहिलं नाही.

"म्हणतो, लग्नाआधी म्हाताऱ्याचा आशीर्वाद घ्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं दिला. मग मी खाली उतरलो."

"एवढा वेळ बोलला, आणि एवढंच?" फुल्क ओरडला.

"वेल्श माणूस बोलायला लागला की लांबतं," कडोगन म्हणाला.

थियोबाल्डनं मागच्या गर्दीकडे नजर टाकली. "इथं दोन्ही भाषा कळणारं आणखी कोणी आहे? दुभाष्यानं सांगितलं ते बरोबर आहे का?"

कुणी हललं नाही. मग एक म्हातारी धुणेकरीण म्हणाली, "बरोबर आहे, बाबा," आणि तिच्या मागून आणखी कुणी कुणी म्हणालं, "बरोबर. बरोबर आहे."

इथेलला काय झालं ते समजलं नव्हतं. सिबिलला समजलं होतं. ती आईकडे बघत होती, आणि आई जमिनीकडे.

७

हाविसबाईंना सपाटीवरच्या एका मठात पाठवलं. तिथून जिवंत बाहेर यायचं नाही, अशी शिक्षा. निघताना त्यांनी लेकीला जवळ घेतलं नाही. सिबिलही पुढं झाली नाही. फुल्कची हरकत शाबीत करणारं कुणी उरलं नव्हतं; लग्न त्याच शरद ऋतूत लागलं. दोन्हीकडची माणसं आली, जेवली, पण फार बोलली नाहीत. वंशावळी म्हणायच्या वेळी सगळे थोडा वेळ उगीच उभे राहिले आणि मग पांगले.

त्या हिवाळ्यात कडोगनकडे लोक येत. माझा पणजा कुठल्या खोऱ्यातला? माझ्या आजीचं माहेर कोणतं? मेलिर सांगायचा, तुला आठवत असेल. कडोगनला फार थोडं आठवे. फ्रेंचमध्ये सांगता सांगता तो ऐकत आला होता, आणि सांगून झालं की डोकं रिकामं करायची त्याची सवय होती. लोक परत जात. एक आख्खा मुलूख आपल्या पूर्वजांना मुकला होता.

इथेलशी तो त्याविषयी एकदाच बोलला. "शपथेवर तू खरं बोललास. पाप असेल तर माझं." इथेलनं मान खाली घातली आणि त्याचा हात धरून ठेवला.

वसंतात मठातून निरोप आला, की बाई गेल्या. तो सिबिलला सांगायचं काम कडोगनवरच आलं. ती बांधापलीकडच्या घरात अंगणात बसली होती, दिवस भरत आलेले. ऐकून ती रडली नाही. तिनं विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"नन म्हणाल्या, कुणाशी बोलतच नव्हत्या."

"मी तिला एकदाही भेटायला गेले नाही, काका. रोज म्हणायचे, उद्या जाईन." तिनं पोटावर हात ठेवला. "तिनं केलं ते माझ्यासाठी केलं. म्हणून तर जाता येईना."

इथेल आतून आला. त्यानं स्वतः जाऊन एक शांत घोडी काढली, तिच्यावर घोंगडी घातली आणि सिबिलला अलगद वर बसवलं.

मठाच्या वाटेवर भर दुपारी ती तिघं नदीच्या उताराशी आली. कुणाकडे तलवार नव्हती, सोबतीला माणूस नव्हतं. अलीकडं वेल्श बायका मेंढ्या धूत होत्या, पलीकडं गढीची पोरं मासे धरत होती. कुणी मान वर करून पाहिलं, कुणी पाहिलंही नाही. इथेल लगाम धरून गुडघाभर पाण्यात पुढं चालू लागला, आणि घोडीवर बसलेल्या सिबिलनं, पाणी लागल्याबरोबर, चेहरा ओंजळीत घेऊन मोठ्यानं हंबरडा फोडला.

कडोगन काठावर थांबून राहिला. ती दोघं पार पोचेपर्यंत त्याला पाण्यात पाय घालवेना.